सुईवाले कोनी हाये का?

दवाखान्यात नोकरी केलेल्या बाईकडे किस्से साठतात ते मिक्श्चरच्या रिकाम्या बाटल्यांसारखे. ठेवा म्हणून कुणी सांगत नाही, पण टाकवतही नाहीत. मग कधी चार माणसं चहाला बसली की एकेक बाहेर निघतो, आणि लोक म्हणतात, "काहीही काय सांगता, मालतीबाई!" अहो, काहीही काय? मी स्वतः तिथे उभी होते! आणि निम्म्या वेळा माझं तोंड उघडंच राहिलेलं होतं.

तर हे मालेगावचे. आमचं वाशिमकडचं मालेगाव, नाशिककडचं नव्हे. सत्तरचं दशक सरत आलं होतं, जिल्हा अजून अकोलाच होता, आणि एस.टी. स्टँडच्या बरोब्बर समोर डॉ. गावंडेंचा दवाखाना होता. मी तिथली नर्स, तिथलीच कंपाउंडर, आणि गर्दी झाली की दारावरची पोलीससुद्धा मीच.

डॉक्टर रीतसर एमबीबीएस. कमी बोलणारा, आवाज कधी न चढवणारा माणूस. एका वर्षी त्यांनी तीन महिने दवाखाना बंद ठेवला आणि कलकत्त्याला गेले. गाव म्हणालं, मोठी डिग्री घ्यायला गेले. परत आले तेव्हा हातात डिग्री नव्हती, पत्र्याचा एक डबा होता. तो त्यांनी माझ्यासमोर उघडला. आत सुया! केसासारख्या बारीक अन् बोटाएवढ्या लांब.

"साहेब, हे काय आनलं?"

"अ‍ॅक्युपंक्चर, मालतीबाई. ज्यांचा जीव घाबरा होतो, छातीत धडधडतं, झोप लागत नाही, अशा माणसांना औषधाच्या जोडीला या लावायच्या."

"लावायच्या म्हंजे कुठी?"

"अंगात."

मी खुर्ची धरली. बारा वर्षं ज्या माणसाला शहाणा समजत होते तो माझ्या डोळ्यांसमोर बिघडला होता!

*

पहिले आठ दिवस पेशंट कोण होता माहीत आहे? लाल भोपळा!

दुपारी दवाखाना रिकामा झाला की डॉक्टर टेबलावर भोपळा ठेवायचे आणि डोळे मिटून त्यात सुया घालायचे. हाताला सवय व्हावी म्हणून. रस्त्यावरून जाणारे लोक खिडकीतून बघायचे आणि न बोलता पुढे जायचे.

डॉक्टरांचं घर दवाखान्याच्या मागेच. एका संध्याकाळी मी सुया मोजल्या तर पन्नासच्या एकोणपन्नास! मागे पळत गेले. भोपळा चिरून झालेला, भाजी चुलीवर रटरटते आहे, आणि पाहुणे आलेले डॉक्टरांचे सासरे पानावर बसलेले. दोन घास त्यांच्या पोटात गेलेसुद्धा! वहिनींनी, म्हणजे डॉक्टरांच्या बायकोने, वडिलांचं ताट ओढून घेतलं. सगळी भाजी परातीत पसरली. वहिनी, मी आणि डॉक्टर, तिघं मिळून फोडीन् फोड बोटांनी कुस्करून पाहिली. सुई नाही! सासरे दोन्ही हातांनी पोट धरून बसलेले.

अशात वहिनी म्हणाल्या, "अहो, जरा मान वळवा बरं."

सुई डॉक्टरांच्या कॉलरला! शिंपी खोचून ठेवतो तशी खोचलेली.

डॉक्टरांनी ती काढून डब्यात ठेवली आणि शांतपणे म्हणाले, "चला, आता वाढा भाजी."

"कुठली भाजी?" वहिनी म्हणाल्या, "पोस्टमार्टम झालंय तिचं!"

*

मग आला तो तक्ता. उभ्या माणसाचं चित्र, एक समोरून, एक पाठीमागून. अंगभर ठिपके, ठिपक्यांतून रेषा, रेषांवर नंबर. आणि अंगावर सूतभर कपडा नाही! डॉक्टरांनी तो सरळ तपासणीच्या खोलीत लावला.

पहिल्याच सकाळी तीन बाया आल्या, आत डोकावल्या, पदर तोंडाला लावला आणि आल्या पावली स्टँडकडे निघाल्या. मी मागे धावले तर त्यातली एक म्हणते, "नर्सबाई, डाक्टरले सांगजो, पयले त्या बाप्याले कपडे घाला, मंग आमी येतो."

त्या दुपारी मी जुन्या कॅलेंडरचा कागद घेतला, कातरला आणि डिंकाने दोन्ही चित्रांना हाफ पँट चिकटवून टाकली. डॉक्टर आले. बराच वेळ तक्त्याकडे बघत राहिले.

"मालतीबाई, पोटाखालचे सगळे पॉइंट गेले."

"साहेब, पॉइंट पाह्यचे का पेशंट पाह्यचे?"

शेवटी तडजोड झाली. पँटला वरून दोरा लावला, ओढला की ती पडद्यासारखी वर जायची. डॉक्टर पॉइंट बघून घ्यायचे आणि पुन्हा खाली सोडायचे. मला वाटलं, झालं, अब्रू वाचली. आठ दिवसांनी एका पैलवानासारख्या गड्याला पायाला सुया लावायच्या होत्या. डॉक्टर म्हणाले, धोतर वर घ्या. तो तक्त्याकडे बघतो आहे, डॉक्टरांकडे बघतो आहे, आणि भर दवाखान्यात ओरडून म्हणतो,

"कागदाच्या मानसाले चड्डी नेसवता, अन् मले जित्याले काहून उघडं करता?"

*

आता मला गजाननचं सांगावं लागेल. हसता हसता मधेच हे सांगणं जड जातं, पण त्याच्याशिवाय यातलं काहीच पुरं होत नाही.

गजानन माझा धाकटा भाऊ. एस.टी.त ड्रायव्हर. एके दिवशी भरलेली गाडी घेऊन मेडशीच्या पुढच्या घाटात होता. वळणावर एक ट्रक रस्त्याच्या मधोमध समोर आला. गजाननने गाडी डोंगराच्या अंगाला घातली. पत्रा घासला, एका बाईचा तुपाचा डबा सांडला, बस्स! माणसाला ओरखडासुद्धा नाही. लोकांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. त्याने गाडी नीट मेडशीला आणून उभी केली, आणि मग त्याचे हात स्टेअरिंगवरून सुटेनात. कंडक्टरने एकेक बोट सोडवलं!

त्या दिवसापासून इंजिनाचा आवाज आला की त्याची छाती धडधडायची, ओठ पांढरे पडायचे, घाम फुटायचा. डेपोने तीन महिन्यांची रजा दिली. त्यानंतर ट्रायल, त्याच घाटातून, डेपोचे साहेब गाडीत बसवून. घाट नीट उतरला तर स्टेअरिंग पुन्हा हातात. नाही तर कायमचं गेलं.

"ताई," तो मला म्हणाला, "गाडी सोडून मले दुसरं काहीच येत नाई व."

मी चुलीपुढे बसून रडले. सहा फुटाचा माझा भाऊ, हॉर्न वाजला की दाराआड जात होता. याहून वाईट मी काही पाहिलेलं नाही.

डॉक्टरांनी त्याला गोळ्या दिल्या आणि म्हणाले, जोडीला सुया लावू. मी आडवी उभी राहिले! "साहेब, साऱ्या तालुक्याले लावा. माह्या भावाले नाई!" त्या दवाखान्याची मी नर्स, रोज त्या सुया उकळणारी मी, आणि माझ्याच तोंडून हे निघालं. माझा मलाच धक्का बसला.

डॉक्टर म्हणाले, "खरं सांगू? काहींना उपयोग होतो, काहींना नाही होत. का, ते मलाही सांगता येत नाही."

आता असं बोलणाऱ्या डॉक्टरकडे कोण भाऊ सोपवेल? पण गजाननच मला बाजूला सारून टेबलावर जाऊन झोपला.

"लावू दे, ताई. आता हायो त्याच्यापरीस जास्त काय घाबरीन म्या?"

*

मेडशीचे नामदेवराव तुरीच्या शेतात उभ्या उभ्या घाबरे व्हायचे. रात्री झोप नाही. त्यांना सुया लावल्या, तर त्यांनी एक सुई उजेडात धरून बघितली.

"डाक्टर, याले तं भोकच नाई. दवाई जाते कुठून?"

"यात औषध नसतंच, नामदेवराव."

"मंग कायले टोचता?"

डॉक्टरांनी अर्धा तास समजावलं. नामदेवराव मान हलवत राहिले. पुढच्या आठवड्यात आले ते बाटली घेऊन. तिळाचं तेल! घरच्या तिळाचं, ताजं घाण्यावरचं.

"कोरडी सुई नका घालू, डाक्टर. आमच्या बैलबंडीच्या आसाले वंगन नसलं तं दोन कोसावरून आवाज येते. तुमी तं मानसात कोरडी घालून राह्यले!"

डॉक्टरांनी नम्रपणे नको म्हटलं. नामदेवराव बरं म्हणाले. मी दुसऱ्या पेशंटची पट्टी बांधून आत येते तर बघते काय, नामदेवरावांसाठी काढून ठेवलेल्या दहाच्या दहा सुया तेलाच्या बाटलीत उभ्या! आणि नामदेवराव बाटली हलवताहेत! मी किंचाळलेच. सोडा घालून तीनदा उकळल्या तेव्हा कुठे त्यांचा बुळबुळीतपणा गेला. सगळं आवरल्यावर डॉक्टर फक्त एवढंच म्हणाले, "त्यांना झोप लागते का विचारा."

मी विचारून आले.

"लागते म्हणतात, साहेब."

डॉक्टरांचा चेहरा खुलला.

"तेलाच्या वासानं, म्हणतात."

*

केनवडच्या शांताबाईचा किस्सा सांगताना आजही माझ्या अंगावर काटा येतो.

तिचा नवरा हंगामाला ऊसतोडीला गेलेला. संध्याकाळ झाली की हिच्या छातीत धडधड सुरू व्हायची. डॉक्टरांनी पाच सुया लावल्या: दोन कानांत, एक टाळूवर, दोन हातांत. वीस मिनिटं हलायचं नाही असं बजावलं. आणि बाहेर केनवडच्या गाडीची बेल वाजली!

दिवसाला त्या बाजूची गाडी होती किती? शांताबाईने डोक्यावरून पदर घेतला, सुयांसकट उठली आणि पळाली. मी तिच्या मागे, माझ्या मागे डॉक्टर. गाडी आमच्या तोंडावर धूळ उडवून निघून गेली.

तो दिवस आणि दुसरा दिवस मला अन्न गेलं नाही. तिसऱ्या दिवशी बाई हजर! ठणठणीत. पदराच्या टोकाला बांधलेल्या सुया सोडल्या.

"मोजून घ्या, नर्सबाई. पाच हायेत. घासून आनल्या."

माझा जीव भांड्यात पडला. "घरी गेल्या गेल्या काढल्या ना व?"

"काढल्या ना! मंग सासूले लावल्या. मंग शेजारच्या कमलले. मंग तिच्या जावेले."

डॉक्टर आतून बाहेर आले होते, ते तिथेच बाकावर बसले. शेवटी कसंबसं विचारलं, "कुठं... कुठं लावल्या?"

"मले लावल्या तिथीच," शांताबाई म्हणाली. "नव्या जाग्यावर लावाले मी काय डाक्टर हाये?"

त्याच दिवशी डॉक्टर केनवडला गेले. चौघींना तपासलं, आठवडाभर पुन्हा पुन्हा जाऊन तपासलं. नशीब, कुणाला काही झालं नाही. सासू तेवढी रागावली होती. सुया परत काहून नेल्या म्हणून!

त्यानंतर दोन नियम झाले. एक, ज्याने सुई लावली त्यानेच ती काढायची, म्हणजे डॉक्टरांनी. मीसुद्धा हात लावायचा नाही. आणि दुसरा नियम स्टँडवरच्या लोकांनी आपणहून केला. बेल मारण्याआधी कंडक्टर आमच्या दारात यायचा आणि आत बघून ओरडायचा, "सुईवाले कोनी हाये का?" कुणी असलं तर गाडी पाच मिनिटं थांबायची. गाडीतले लोकसुद्धा कुरकुरायचे नाहीत. त्यांच्यातला निम्मा माल आमचाच होता!

*

पहिल्या नियमाने आमचाच घात केला तो कस्तुराबाईंच्या वेळी. कापडवाल्या शेठजींची बायको, धार्मिक, भली बाई. पण दोन वर्षांपासून मन एका जागी बसत नव्हतं. उठायच्या, येरझारा घालायच्या. त्या जैन; त्यांच्यात सामायिक करतात, अठ्ठेचाळीस मिनिटं एका आसनावर धर्मध्यान. ती त्यांच्याकडून पुरी होत नव्हती आणि याचंच त्यांना फार लागलं होतं.

डॉक्टरांनी सुया लावल्या. "वीस मिनिटं हलू नका, बोलू नका," म्हणाले आणि बाहेर गेले. बाईंनी विचार केला, नुसतं बसून वेळ कशाला घालवायचा? पिशवीतून वाळूचं घड्याळ काढून उलटं ठेवलं, तोंडाला मुहपत्तीचं पांढरं फडकं बांधलं, डोळे मिटले.

वीस मिनिटांनी डॉक्टर सुया काढायला आले. बाई मानेनेच नाही म्हणाल्या! हाताने लांब राहा अशी खूण केली. डॉक्टर दोन पावलं मागे. मी सोबत आलेल्या सुनेकडे बघितलं.

"सासूबाईंनी सामायिक घेतली," सून म्हणाली. "अठ्ठेचाळीस मिनिटं उठता येत नाही. अन् पुरुषाचा हात लागू देत नाहीत."

मी पुढे झाले, तर डॉक्टर म्हणतात, "मालतीबाई, नियम!"

झालं! डॉक्टरांनी काढायच्या तर बाईंचं व्रत मोडतं, मी काढायच्या तर डॉक्टरांचा नियम मोडतो. आम्ही तिघं त्या वाळूकडे बघत उभे. अठ्ठावीस मिनिटं! डॉक्टरांनी कलकत्त्याहून लिहून आणलेल्या वहीत वीसच्या पुढे काही लिहिलेलं नव्हतं. बाहेर पेशंट ओरडताहेत. मी मनातल्या मनात किती देवांना हाक मारली, विचारू नका.

वाळू संपली. बाईंनी डोळे उघडले. भरून आले होते.

"डाक्टरसाब, दो साल मे पहिली बार पुरी झाली!"

डॉक्टरही गहिवरले. पण माणूस प्रामाणिक. म्हणाले, "बाई, सुयांनी झाली की सामायिकीने, हे मला सांगता येणार नाही."

कस्तुराबाईंनी क्षणभर विचार केला.

"वीस मिनट तुमचे," त्या म्हणाल्या, "बाकी भगवान के."

*

इकडे गजानन सुधारत होता. डॉक्टर त्याला दर आठवड्याला स्टँडच्या बाजूच्या खिडकीजवळ थोडा थोडा सरकवायचे. आधी हॉर्न वाजला की सुयांसकट दचकायचा. मग नुसते डोळे मिटायचा. एक दिवस हॉर्न वाजला आणि तो म्हणाला, "हे गाडी गिअर लवकर टाकून राह्यली, क्लच जाईन याचा." मी मागे वळून डोळे पुसले.

ट्रायलला पंधरा दिवस राहिले होते. भर दुपारी माझ्या स्वयंपाकघरात तो दाराची चौकट धरून खाली बसला. "ताई, मरून राह्यलो म्या!" घामाने निथळत होता, श्वास पुरेना. डॉक्टर जेवणावरून उठून अनवाणी धावत आले. तपासलं. मग विचारलं, "गोळ्या चालू आहेत ना?"

गजाननने खिशातून एक डबी काढली. वीस दिवसांच्या गोळ्या, ओळीने लावून ठेवलेल्या!

"सुयानंच बरं वाटे साहेब. मंग गोया कायले खाव?"

आणि मग ते झालं जे बारा वर्षांत झालं नव्हतं. डॉक्टर ओरडले! भिंत हादरेल असे ओरडले. "जोडीला आहे सुई! जोडीला! मी कधी म्हटलं गोळी सोड? बंडीचा एक बैल सोडून देतोस आणि दुसऱ्याला घाट चढायला लावतोस?"

माझी तर मान वर होईना. घरात नर्स बहीण, आणि भावाच्या गोळ्या मोजल्या नाहीत. चूक त्याच्याइतकीच माझी होती, आणि ती मला आजही लागते.

गल्लीत माणसं गोळा झाली. स्टँडवरून एक कंडक्टर धापा टाकत आला.

"काय झालं डाक्टर? कोनी सुया घेऊन पयालं काय?"

*

डेपोने महिनाभराची मुदत वाढवून दिली आणि स्पष्ट सांगितलं, ही शेवटची. गजाननने गोळ्या परत सुरू केल्या, माझ्यासमोर, पाण्याचा तांब्या माझ्या हातातून घेऊन. सुया चालूच होत्या. ट्रायलचा दिवस आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "मीही गाडीत बसतो. त्याला धीर वाटेल."

रिकामी गाडी. केबिनच्या मागच्या सीटवर डेपोचे साहेब, मांडीवर फॉर्म, खिशाला पेन. दाराजवळच्या पहिल्या सीटवर डॉक्टर. त्यांच्या मागे मी. मालेगाव सुटलं, मेडशी आली, मेडशी गेली. मी गजाननच्या हातांवरून नजर काढली नाही. हात स्थिर होते. मी श्वास धरून बसले होते, जणू मी सोडला तर त्याचा सुटेल.

घाट सुरू व्हायच्या आधी त्याने गाडी हळू केली. बाजूला घेतली. आणि इंजिन बंद केलं.

साहेबांनी खिशातून पेन काढलं. संपलं, मी मनात म्हटलं, इतकं सगळं करून संपलं! गजानन त्याच्या दारातून खाली उतरला, गाडीला वळसा घालून आमच्या दाराने वर चढला. माझ्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. सरळ डॉक्टरांपुढे जाऊन वाकला.

तेव्हा मी पहिल्यांदा डॉक्टरांकडे बघितलं.

चेहरा राखेसारखा. शर्ट पाठीला चिकटलेला. दोन्ही हातांनी समोरचा दांडा आवळलेला आणि डोळे गच्च मिटलेले. आमचे गावंडे डॉक्टर!

"आरशात दिसले मले," गजानन हळूच म्हणाला. "हात सोडा, साहेब. द्या इकडे."

हात सुटेनात. त्याने एकेक बोट सोडवलं. बाहीचं बटण काढून बाही वर सारली. मनगटाच्या वर तीन बोटं मोजली, डॉक्टर त्याला सुई लावायचे तिथे अंगठ्याने दाबायला गेला, आणि थांबला.

मीही उभी राहून बघितलं. तिथे लाल ठिपके होते. ताजे. आणि त्यांच्या वर, कोपरापर्यंत, जुने, फिकट, मोजता येणार नाहीत इतके.

डॉक्टरांनी डोळे उघडले. माझ्याकडे नाही, गजाननकडे बघितलं.

"सकाळी सहाला सुया लावल्या होत्या," ते म्हणाले. "आज लागू पडल्या नाहीत."

गजानन अंगठा दाबून तसाच उभा राहिला. दोन मिनिटं, तीन मिनिटं. खाली दरीतून वारा येत होता. डॉक्टरांचा श्वास हळूहळू खाली बसला.

"डोये मिटून घ्या, साहेब," गजानन म्हणाला. "घाट म्या उतरवतो."

तो खाली उतरला, केबिनमध्ये चढला. इंजिन सुरू झालं. गाडी पहिल्या वळणावर गेली, वळली आणि पुढे निघाली. स्टेअरिंगवरचे हात जसेच्या तसे होते.

डेपोचे साहेब इतका वेळ पेन हातात धरून बसले होते. ते मागे माझ्याकडे वाकले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले,

"बाई, याच्यातला पेशंट कोन हाये? मले फॉर्म भरा लागते."